सोलापूरच्या उन्हाळ्यात तब्येत कशी सांभाळावी

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा 40-42 अंशांवर जाणे नेहमीचेच. अशा दिवसांत 'पाणी भरपूर प्या' एवढ्या सल्ल्यावर भागत नाही. आपल्याकडची हवा मुंबईसारखी दमट नसून कोरडी असते, त्यामुळे घाम झटकन वाळतो. अंग थंड होते खरे, पण शरीरातले किती पाणी गेले ते कळत नाही.

सुरुवात वेळेपासून करा. बाजार, बँक, दवाखाना ही कामे सकाळी दहाच्या आत उरका. कंबर तलावावर फिरायला जाणाऱ्यांनी उजाडताच निघावे आणि ऊन चढायच्या आत घर गाठावे. दुपारी बारा ते चार बाहेरचे काम टाळा. विड्या जमा करायला कारखान्यात जाणाऱ्या बायांना, यंत्रमागावरच्या कामगारांना हे सांगणे सोपे, पाळणे अवघड. त्यांनी निदान डोक्यावरचा पदर किंवा रुमाल ओला ठेवावा आणि जमेल तेव्हा सावलीत थोडे टेकावे. थंड गावाहून नुकतेच आलेल्यांनी लगेच दिवसभर उन्हात राबू नये. अंगाला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

मग पाणी. तहान लागायची वाट न पाहता थोडे थोडे पीत राहा. पुरेसे पितो की नाही हे लघवीच्या रंगावरून कळते: फिकट असेल तर ठीक, गडद पिवळी झाली तर कमी पडतेय. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आपल्या जिवाभावाची, पण भर दुपारी नुसती कोरडी खाण्यापेक्षा ती ताकात कुस्करून खा. ज्वारीची आंबील तर या दिवसांसाठीच आहे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मीठ-पाणी किती घ्यायचे ते डॉक्टरांना विचारावे आणि चालू गोळ्या मनाने बंद करू नयेत.

फार घाम गेला किंवा जुलाब झाले तर ओआरएस घ्या. एक लिटर पाण्याच्या पाकिटाचे निम्मे पेलाभर पाण्यात टाकून उरलेले मुडपून ठेवायची खोड अनेक घरांत असते. तसे करू नका. पाकिटावर लिहिलेल्या मापाचे पाणी घ्या, सगळी पूड त्यात एकदम विरघळवा आणि ते 24 तासांत संपवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. दुकानातली गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे.

घरात कूलर असेल तर खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत तो नुसता दमटपणा वाढवतो आणि मग लोक कूलरच्या नावाने ओरडतात. पत्र्याच्या घरावर चुन्याचा पांढरा थर दिला की आतली धग कमी होते. बाहेर 40 च्या वर गेले की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. तेव्हा हातपाय, मान ओली करून पंख्याखाली बसा. त्यासाठी सोलापुरी टॉवेलपेक्षा पातळ सुती पंचा बरा, तो लवकर वाळतो म्हणून गारवा जास्त देतो.

चक्कर, डोकेदुखी, पायात गोळे, मळमळ यांपैकी काही वाटले की सावलीत आडवे व्हा, कपडे सैल करा, घोट घोट पाणी प्या. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, बेशुद्ध पडला किंवा अंग चटका बसेल इतके तापले, तर तो उष्माघात समजा आणि 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहा. मान, काख, जांघेत थंड ओल्या पट्ट्या ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनळीत जाते. आणि तापाची गोळी देऊ नका. हा ताप आजाराचा नसतो, गोळीने उतरत नाही.