वर्ल्ड सिरीजचे दिवस कसे काढावेत

ज्यांचा बेसबॉलचा संघ वर्षानुवर्षं हुलकावणी देत आला आणि यंदा एकदाचा वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम फेरीला, पोचला, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी क्लीव्हलंडची. मूळची मिरजेची, पण लग्नानंतर 1994 साली इथे आले आणि पुढच्याच वर्षी आमचा संघ 41 वर्षांनी वर्ल्ड सिरीज खेळला. तेव्हापासून या संघाने तीनदा शेवटच्या पायरीपर्यंत नेलं: 1995, 1997 आणि 2016. तिन्ही वेळा हरलो. शेवटचं विजेतेपद 1948 सालचं. तेव्हा नाव इंडियन्स होतं, 2022 च्या सीझनपासून गार्डियन्स झालं.

माझं म्हणणं एकच आहे. आनंद जिंकेपर्यंत राखून ठेवू नका. बाकी सगळं त्याच्या तयारीचं आहे.

आधी घरात सांगून ठेवा

सात मॅचपैकी चार जिंकायच्या असतात. दोन एका गावात, तीन दुसऱ्या, मग लागल्या तर दोन पुन्हा पहिल्या. प्रत्येक मॅच रात्री आठच्या सुमारास सुरू होते आणि संपेपर्यंत मध्यरात्र होते. म्हणजे नऊ-दहा दिवस घरात कोणाचीच झोप धड होत नाही. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. शिफ्टच्या अदलाबदली मी आदल्या आठवड्यातच करून घेतल्या, बेसबॉलमध्ये रस नसलेल्या मैत्रिणींना शोधून. तुम्हीही हे आधीच करा, कारण सिरीज सुरू झाल्यावर सगळं गावच सुट्टी मागतं.

सणवार असेल तर तेही बघून घ्या. 2016 साली वर्ल्ड सिरीज आणि दिवाळी एकमेकांत अडकली होती. आमच्या भिंतीवर मिरजेहून आलेलं कॅलेंडर असतं, आम्ही त्याप्रमाणे दिवाळी करतो. धनत्रयोदशीला तिसरी मॅच, नरक चतुर्दशीला चौथी, लक्ष्मीपूजनाला पाचवी, भाऊबीजेला सहावी. फराळ मी पहिल्या मॅचच्या आधी करून डब्यांत भरून ठेवला होता. करंज्या तळताना कान टीव्हीकडे असला की तेलाकडे लक्ष राहत नाही. पाहुण्यांना स्वच्छ सांगा: पूजा सहाला, जेवण सातला, आठनंतर जो बसेल त्याने मॅच बघायची. कोणी रागावत नाही. उलट ज्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही तेही नऊपैकी तिसऱ्या इनिंगपर्यंत खुर्ची पुढे ओढतात.

पोचल्याचा दिवस साजरा करा

बहुतेक लोक इथेच चुकतात, म्हणून याबद्दल जरा जास्त लिहिते. दुधाने तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात, आणि आमच्या गावात पोळलेली तोंडं फार. शेजारचे आजोबा 1948 साली शाळेत होते. त्यानंतर त्यांनी 1954 पाहिलं: 154 मॅचपैकी 111 जिंकलेला संघ वर्ल्ड सिरीजमध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून सलग चार मॅच हरला. 1960 मध्ये रॉकी कोलाविटो हा गावाचा लाडका खेळाडू डेट्रॉइटला देऊन टाकला गेला, तेव्हा त्यांच्या आईने रेडिओ बंद करून ठेवला होता म्हणे. मग तळाशी राहण्यात गेलेले कितीतरी उन्हाळे, तळ्याकाठच्या त्या अवाढव्य जुन्या स्टेडियममधल्या रिकाम्या खुर्च्या. असा माणूस संघ फायनलला गेला तरी 'बघू' एवढंच म्हणतो. त्याला वाटतं, आत्ता आनंद केला नाही तर नंतर दुःख कमी होईल. होत नाही. दुःख तेवढंच होतं, आणि आनंद मात्र वाया जातो.

2016 च्या 19 ऑक्टोबरला टोरोंटोत अमेरिकन लीगच्या फायनलची, म्हणजे वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीची, पाचवी मॅच होती. आमचे दोन चांगले पिचर (चेंडू टाकणारे), कार्लोस कारास्को आणि डॅनी सालाझार, जायबंदी. म्हणून रायन मेरिट नावाच्या पोराला उभं केलं. त्याआधी मोठ्या लीगमध्ये त्याने एकाच मॅचची सुरुवात केली होती. त्याने चार इनिंगपेक्षा जास्त वेळ एकही रन दिली नाही, आम्ही 3-0 ने जिंकलो आणि वर्ल्ड सिरीजला पोचलो. त्याचं लग्न ठरलेलं होतं. इथे नवरा-नवरी हव्या त्या वस्तूंची यादी दुकानात नोंदवून ठेवतात. क्लीव्हलंडच्या लोकांनी ती यादी शोधून काढली आणि वस्तू विकत घ्यायला सुरुवात केली. ज्याला कधी भेटले नाहीत अशा मुलाचा संसार लोक मांडून देत होते. मी वाडगे पाठवले. ती रात्र आणि तो आठवडा पुढच्या निकालाने पुसला गेलेला नाही.

तेव्हा असं काहीतरी करा. ज्यांनी तुम्हाला या संघाची गोडी लावली त्यांना फोन करा, ते हयात असतील तर त्याच रात्री. घरावर झेंडा लावा. मुलांना उठवा. माझा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता, दुसऱ्या दिवशी गणिताची परीक्षा होती, तरी मी त्याला झोपू दिलं नाही.

मॅच बघण्याची रीत

हातात पेन्सिल आणि स्कोअरकार्ड घ्या. टेन्शनवर माझ्याकडे एवढाच खात्रीचा इलाज आहे. प्रत्येक बॅटरसाठी एक चौकोन, प्रत्येक खेळाडूच्या जागेला एक आकडा: पिचर 1, कॅचर 2, पहिला बेस 3, असं करत उजव्या आउटफिल्डपर्यंत 9. शॉर्टस्टॉपने, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या खेळाडूने, चेंडू अडवून पहिल्या बेसवर टाकला की चौकोनात 6-3. तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद झाला, म्हणजे स्ट्राइकआउट, की के. जीव टांगणीला लागलेला असताना पुढच्या चौकोनात काय लिहायचं एवढंच बघायचं. दोन चेंडूंच्या मधला वेळ जीवघेणा असतो, तो लिहिण्यात जातो.

आवाज रेडिओचा ठेवा. आमच्याकडे टॉम हॅमिल्टनचा आवाज हाच संघाचा आवाज आहे, राष्ट्रीय चॅनेलवरच्या समालोचकाला तुमची 1997 ची जखम कुठे ठाऊक असणार! फक्त टीव्हीवरचं चित्र रेडिओच्या मागे राहतं, आणि इंटरनेटवरून बघत असाल तर आणखीच मागे. म्हणून एक काहीतरी ठरवा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. होमरनची (चेंडू थेट भिंतीपलीकडे मारल्याची) बातमी भाच्याच्या मेसेजवरून कळण्यासारखं वाईट काही नाही.

शक्य असेल तर एकट्याने बघू नका. परगावच्या मॅचच्या वेळी आमच्या स्टेडियममध्ये मोठ्या पडद्यावर मॅच दाखवायचे, रिकाम्या मैदानाभोवती लोक बसून ओरडायचे. आउटफिल्डमागच्या बाकांवर जॉन अ‍ॅडम्स ढोल घेऊन असायचा. 1973 पासून तो घरच्या मॅचला ढोल वाजवत आला होता आणि ढोलासाठीही वेगळं तिकीट काढायचा. जानेवारी 2023 मध्ये तो गेला, विजेतेपद न बघता. पण 2016 च्या त्या रात्री ढोल घुमायला लागला की अंगावर काटा यायचा, आणि आजूबाजूची अनोळखी माणसं एकमेकांचे हात धरायची.

तिकीट असेल तर विकू नका

2016 च्या सातव्या मॅचला आमच्याच स्टेडियममध्ये निळे शर्ट घातलेले शिकागोचे लोक हजारोंनी होते. त्यांचा संघ कब्ज 1908 नंतर वर्ल्ड सिरीज जिंकला नव्हता, त्यांनी मागेल ती किंमत मोजली. ज्यांनी विकली त्यांच्या अडचणी असतील, मी नावं ठेवत नाही. पण पैसा खर्चून जातो. आणि घरच्या मैदानात अर्धा आरडाओरडा पाहुण्यांचा असला तर खेळाडूंनाही ते ऐकू जातं.

पुढे असताना सर्वांत जास्त सांभाळा

2016 साली धनत्रयोदशीला आम्ही शिकागोत 1-0 ने जिंकलो, कोको क्रिस्पने बदली बॅटर म्हणून येऊन एकच रन मिळवून दिली. दुसऱ्या दिवशी 7-2. म्हणजे 3-1 अशी आघाडी, आणि तीन मॅचपैकी एक जिंकायची. याच उन्हाळ्यात आमचे बास्केटबॉलवाले कॅव्हलियर्स 1-3 असे मागे पडून जिंकले होते, गावाला 52 वर्षांनी एखादं विजेतेपद मिळालं होतं. वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या मॅचच्या संध्याकाळी शेजारच्याच इमारतीत त्यांना अंगठ्या देत होते. त्यामुळे 3-1 म्हणजे जिंकल्यात जमा नाही, हे आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी लक्ष्मीपूजनाच्या रात्री पेढे आणून ठेवलेच होते. ती मॅच 3-2 ने गेली. पेढे त्याच रात्री खाऊन टाका. 'आता जिंकल्यावरच' म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेले पेढे घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत खुपत राहतात.

भाऊबीजेला कोलंबसहून भाऊ आला होता. पहिल्याच इनिंगमध्ये दोन आउटफिल्डरच्या मध्ये चेंडू पडला, तिसऱ्यात अ‍ॅडिसन रसेलने चार रनांचा होमरन मारला. ओवाळणीचं ताट मी सातव्या इनिंगला आणलं. अशा मॅचमध्ये जेवून घ्यावं, बोलावं, भावाची चौकशी करावी. हरणारी मॅचही घरात सगळे जमलेले असताना बघता येते.

कोणा एकाच्या माथी मारू नका

शकुन-अपशकुन पाळायचे तर पाळा. तीच खुर्ची, तोच न धुतलेला शर्ट, देव पाण्यात. मीही बालाजीचा फोटो टीव्हीशेजारी ठेवते. मात्र दुसऱ्याला 'तू उठलास म्हणून आउट झाला' असं कधी म्हणू नका, मुलांना तर मुळीच नाही. मुलं ते खरं मानतात. शिकागोत 2003 साली एका साध्या प्रेक्षकाने आपल्याकडे येणाऱ्या चेंडूला हात लावला आणि सगळ्या शहराने त्याचं जगणं मुश्कील केलं. त्या इनिंगमध्ये त्यानंतर विरोधी संघाने आठ रन काढल्या, त्या काही त्याने दिल्या नव्हत्या.

खेळाडूंचंही तेच. 1997 ची सातवी मॅच, नववी इनिंग, आम्ही एका रनने पुढे, फक्त दोन आउट हवे होते. होजे मेसाला आघाडी राखता आली नाही. अकराव्या इनिंगला दुसऱ्या बेसवर टोनी फर्नांडेसच्या हातून चेंडू निसटला आणि थोड्या वेळात आम्ही हरलो. लोक अजून ती चूक काढतात. पण त्याच फर्नांडेसने त्याआधी दीड आठवडा बाल्टिमोरला अकराव्याच इनिंगमध्ये होमरन मारून 1-0 ने मॅच जिंकून दिली, म्हणून तर आम्ही तिथे होतो. मुलाला मी हे दोन्ही एका दमात सांगते, एकेकटं सांगत नाही.

शेवटची रात्र आणि सकाळ

2 नोव्हेंबर 2016. आठवी इनिंग, दोन आउट, आम्ही 6-4 ने मागे, समोर अ‍ॅरॉल्डिस चॅपमन, जगातला सर्वांत वेगवान पिचर. राजाई डेव्हिसने बॅट नेहमीपेक्षा वर, आखडून धरली होती. चेंडू डाव्या कोपऱ्यातल्या उंच भिंतीवरून सरळ रेषेत गेला. 6-6. आजोबा आमच्याकडेच होते. ते उठून उभे राहिले, माझ्या नवऱ्याचे दोन्ही खांदे धरले आणि नुसते हलवत राहिले. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. नवव्या इनिंगनंतर पावसाने 17 मिनिटं खेळ थांबला. दहाव्यात शिकागोने दोन रन काढल्या, आम्ही एक. मायकेल मार्टिनेझचा हळू आलेला चेंडू तिसऱ्या बेसवरून पहिल्या बेसवर गेला. शेवटच्या चौकोनात मी 5-3 लिहिलं. 8-7. घड्याळात पाऊण वाजून गेला होता.

त्यानंतर काय करायचं? टीव्ही लगेच बंद करू नका. दुसऱ्यांचा आनंद थोडा वेळ बघा. 108 वर्षं थांबलेली माणसं रडत होती, आणि ते रडणं आपल्याला इतर कोणाहीपेक्षा जास्त कळतं. शिकागोत नातेवाईक असतील तर त्याच रात्री अभिनंदन करा, दुसऱ्या दिवशी ते जड जातं. मुलाला रडायचं असेल तर रडू द्या, 'खेळच आहे ना' म्हणू नका. त्याच्यासाठी ते वाक्य खोटं आहे आणि त्याला ते कळतं. आजोबांना घरापर्यंत सोडून या. वय झालेल्या चाहत्याला त्या रात्री एकटं चालत जाऊ देऊ नये.

सकाळी संघाची टोपी घालूनच कामावर जा. आमच्या लॅबमध्ये सगळ्यांनी घातली होती. दोन-तीन दिवस मॅचबद्दल बोलावं, डेव्हिसच्या होमरनबद्दल तर पुन्हा पुन्हा. इंटरनेटवरचे 3-1 चे विनोद वाचू नका. स्कोअरकार्ड टाकू नका, तारीख घालून फाइलला लावा.

आणि हिवाळ्यात एप्रिलच्या पहिल्या घरच्या मॅचची तिकिटं काढा, शक्य असेल तर ज्यांच्यासोबत फायनल पाहिली त्यांच्याच बरोबर. आम्ही 2017 मध्ये तेच केलं, आणि त्या सीझनमध्ये संघाने सलग 22 मॅच जिंकल्या. कोट मात्र जाड न्या. 2007 साली आमच्या घरच्या पहिल्याच मॅच बर्फाने बुडवल्या आणि पुढची सिरीज मिलवॉकीला हलवावी लागली होती.