सड्यावर स्वतःचे छायाचित्र: या चुका टाळा

पन्नाशी ओलांडलेली बाई स्वतःचे छायाचित्र काढायला निघते, तेव्हा बहुधा पहिली चूक कॅमेरा उघडण्यापूर्वीच होते. चेहरा म्हणजे डागडुजीचे काम आणि डोंगर म्हणजे मागे टांगलेला पडदा, असे ती मनाशी धरून चालते. साताऱ्याच्या परिसरातल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, आणि आसपास गेली काही वर्षे मी हा उद्योग करते आहे. खालची प्रत्येक चूक मी स्वतः केलेली आहे, काही तर दोनदा.

फोन हातभर अंतरावर धरून काढलेल्या फोटोत भूमी मावत नाही, ही गोष्ट उघडच आहे. पण त्यात चेहऱ्यावरही अन्याय होतो. नाकाचा शेंडा कानांपेक्षा साधारण १० सेंटीमीटर पुढे असतो. कॅमेरा अर्ध्या मीटरवर असला की एवढ्या फरकानेही नाक फुगलेले आणि कान मागे ओढलेले दिसतात, आणि आपण त्याचे खापर वयावर फोडतो. फोन ट्रायपॉडवर लावून मागचा कॅमेरा वापरावा आणि किमान २ मीटर दूर उभे राहावे. त्वचा गुळगुळीत करून दाखवणारा ब्यूटी मोड बंद आहे ना, हे सेटिंगमध्ये जाऊन पाहावे, कारण पुढच्या कॅमेऱ्यात तो पुष्कळदा आधीपासूनच चालू असतो. पार्श्वभूमी धूसर करणारा पोर्ट्रेट मोडही नको. ज्या कातळासाठी एवढी पायपीट केली, तोच त्यात पुसला जातो. मागच्या कॅमेऱ्यातला चेहरा सुरुवातीला परका वाटतो, कारण आयुष्यभर आपण आरशातला, डावे-उजवे उलटलेला चेहरा पाहिलेला असतो. चार-सहा बैठकांनंतर ते परकेपण जाते.

फोकस चुकणे हे सर्वांत जास्त फोटो वाया घालवणारे कारण आहे. चौकटीत कोणीच नसताना कॅमेरा मागच्या डोंगरावर फोकस करतो आणि आपण धावत जाऊन उभ्या राहिलो की आपणच पुसट येतो. यावर उपाय असा की, जिथे उभे राहायचे तिथे छत्री रोवावी किंवा पिशवी ठेवावी, तिच्यावर फोकस लॉक करावा, जागेवर खुणेचा दगड ठेवावा आणि मगच ती वस्तू उचलावी. फोनऐवजी कॅमेरा असेल तर भिंगाचे छिद्र (ॲपर्चर) एफ/८ च्या आसपास ठेवल्यास थोडीफार चूक पोटात घातली जाते. संगम माहुलीच्या घाटावर मी अशीच पायरीवरच्या छत्रीवर फोकस साधत होते, तेव्हा धुणे धुणाऱ्या एका आजींनी विचारले, “बाई, छत्रीचा फोटू कशापायी काढताय?” मी म्हटले, “छत्रीचा नाही आजी, माझा.” त्यांनी छत्रीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा धुण्याला लागल्या. टायमरचे १० सेकंद धावण्यातच जातात आणि चेहऱ्यावर धाप तेवढी उरते. म्हणून ब्लूटूथ रिमोट किंवा ठरावीक अंतराने आपोआप फोटो घेणारी सोय वापरावी.

पांढऱ्या केसांची अडचण मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तरुण मॉडेल समोर ठेवून शिकवणाऱ्या वर्गांत तिचा विचारच होत नाही. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर सगळे दृश्य मध्यम करड्या छटेकडे ओढू पाहतो. माहुलीच्या काळ्या पाषाणासमोर उभे राहिले की तो पाषाण उजळायला जातो आणि त्या भरात केस जळून पांढरा ठिपका होतात. तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा प्रकाश, पाऊण ते एक स्टॉप कमी करावे लागते (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). याच्या उलट, पावसाळ्यात यवतेश्वराच्या घाटात धुके उतरले की मीटर त्या पांढुरकेपणाला घाबरून सगळे अंधारवतो, त्वचा काळवंडते आणि धुके राखेसारखे दिसते. तिथे तेवढेच वाढवावे. केसांची बट वेगळी दिसेपर्यंत दोन-तीन चाचण्या घ्याव्यात. गाडीच्या थंड हवेतून कॅमेरा बाहेर काढल्याबरोबर भिंगावर बाष्प धरते, त्यासाठी पंधरा-वीस मिनिटे आधी तो पिशवीसकट बाहेर ठेवावा.

सुरकुत्या लपवणारा मऊ प्रकाश शोधणे ही तांत्रिक नव्हे, विचाराची चूक आहे. वैमानिक राहिलेल्या अमेरिकी छायाचित्रकार ॲन नॉगल यांनी १९७५ मध्ये स्वतःचा चेहरा ताणून घेण्याची शस्त्रक्रिया (फेसलिफ्ट) करून घेतली आणि टाके व काळेनिळे डोळे तसेच कॅमेऱ्यासमोर धरले. इतके धाडस प्रत्येकीला जमेल असे नाही, पण संध्याकाळचा तिरपा प्रकाश टाळू नये. सूर्य मावळतीला आला की जांभ्या दगडाचे एकेक भोक सावलीने भरते आणि त्याच प्रकाशात मानेवरच्या रेघाही तशाच उठून दिसतात. दगड आणि कातडी एकाच उजेडाने वाचली जातात, तेव्हा फोटोला भूमी लाभते. भरदुपारी हे साधत नाही. डोळ्यांच्या खोबणीत नुसता काळोख साचतो.

वाळलेल्या झाडाशेजारी उभे राहून ‘वार्धक्य’ दाखवणे, किंवा स्त्रीत्वासाठी एरवी कधी न नेसलेली नऊवारी आणि नथ चढवणे, हे मला आळसाचे वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी छायाचित्रकार ॲन ब्रिगमन यांनी कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाच्या डोंगरांत झाडांच्या आणि खडकांच्या वळणात स्वतःचे शरीर बसवले. त्यांनी झाडाची उपमा घेतली नाही, त्याची बैठक घेतली. कासलाही केवळ फुलांच्या हंगामात जाऊ नये. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या या पठारावर जांभ्यावर मातीचा अगदी पातळ थर आहे, आणि एप्रिलमध्ये गवत करपून तो सडा उघडा पडतो, तेव्हा लपायला रंग उरत नाही. फुलांच्या दिवसांत गेलात तर वाट सोडू नका. चौकट जुळवताना ताटव्यात पडलेले एक पाऊलही नुकसान करते.

चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत: तिथल्या वाऱ्याने माझा ट्रायपॉड कॅमेऱ्यासकट आडवा केला. मधल्या दांड्याला दगडांची पिशवी लटकवावी आणि ती जमिनीला टेकू द्यावी, नाहीतर तीच झोके घेते. कड्यापाशी मागे सरकत जागा शोधू नये, आणि सोबतीला कोणी तरी न्यावे, फक्त “जरा हस ना” असे म्हणणारे नसावे.

शेवटची चूक घरी आल्यावर होते. दमलेल्या डोळ्यांनी त्याच रात्री फोटो पुसले जातात, आणि जे पुसले जातात त्यांत बहुधा कामाचे असतात. मी आता महिनाभर फाइली उघडत नाही. नंतर ८ बाय १२ इंचांच्या प्रती काढून स्वयंपाकघरातल्या फडताळावर लावते आणि चहा होईपर्यंत रोज एकदा पाहते. आठवड्याने जी अजून पाहवते, ती ठेवते.