ग्रामसभेत हात वर करण्याआधी

सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यात आमचं गाव. मागं एकदा गटारीचा विषय मी तोंडीच मांडला, तो इतिवृत्तात आलाच नाही. म्हणून बायांनो, आधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. विकास आराखड्याची प्रत सभेआधीच मागा. कुठल्या वस्तीला किती रुपये, बोट ठेवून वाचा. नेहमीच्या सभेआधी महिलांची सभा असते, तिथं पाण्याचा विषय पक्का करा. गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या किमान हजेरीला, १५ टक्के मतदार किंवा १००, यातला कमी आकडा लागतो. शेजारणीलाही घेऊन चला. हात मोठ्यानं मोजायला लावा. आणि सही? ठराव वाचून दाखवल्यावरच. माझ्या सहीच्या वर चार कोऱ्या ओळी होत्या. रेघ मारून बंद केल्या, मगच पेन टेकवलं.