कनेक्टर बसला म्हणजे जुळला असं नाही: ५० आणि ७५ ओहमची भानगड

आरएफ (रेडिओ फ्रीक्वेन्सी) लॅबमध्ये नवीन लागलेल्यांसाठी लिहितोय. इम्पीडन्स, रिफ्लेक्शन वगैरे कॉलेजात झालेलं असतं, ते उगाळत नाही.

बीएनसी, म्हणजे ढकलून थोडा फिरवला की अडकणारा छोटा कनेक्टर, त्यात ५० आणि ७५ मिसळले की बिघडतं अशी भीती उगाच घालतात. ५० आणि ७५ ओहम इम्पीडन्सचे आजकालचे बीएनसी एकमेकांत बसतात, पिनला काही होत नाही, आणि सिग्नल काही मेगाहर्ट्झचा असेल तर एवढ्याशा कनेक्टरने फरकही पडत नाही. ३जी-एसडीआय असेल, म्हणजे सेकंदाला २.९७ गिगाबिटचा व्हिडिओ सिग्नल, तर मात्र ७५ चाच लावा. केबलच चुकीची निघाली तर व्हीएसडब्ल्यूआर १.५, रिटर्न लॉस १४ डीबी (दोन्ही सिग्नल किती उलटा फिरतो त्याची मापं), म्हणजे जेमतेम ४ टक्के पॉवर परत येते. त्यामुळे "चालतंय रे" म्हणणारे सीनियर निम्मे बरोबर असतात. उरलेले निम्मे महागात पडतात.

कारण एन-टाइप, म्हणजे नट फिरवून आवळायचा मोठा कनेक्टर. थ्रेड सेम, नट सेम, बाहेरून ओळखूच येत नाही. आतली पिन बघा, ५० ची साधारण १.६५ मिलिमीटर, ७५ ची ०.९ च्या आसपास. ७५ चा मेल ५० च्या फिमेलमध्ये लावला तर पिन आत नुसती लटकते, कधी टेकते कधी नाही, पण निदान मोडत काही नाही. उलटं केलं, ५० चा मेल ७५ च्या फिमेलमध्ये घातला, की फिमेलच्या आतल्या, पिन पकडणाऱ्या पाकळ्या फाकतात आणि परत मिटत नाहीत. नट मस्त फिरतो, लावणाऱ्याला पत्ताच लागत नाही, भोगतो पुढचा. माझ्या वाट्याला आलेला ७५ चा पोर्ट असाच कुणीतरी आधीच फाकवलेला होता. केबल बरोबर, कॅलिब्रेशन परत परत केलेलं, तरी केबल जरा हलली की स्क्रीनवरचा ट्रेस उडी मारायचा, आणि सगळे म्हणायचे तुझं कॅलिब्रेशनच गंडलंय. शेवटी भिंगातून बघितलं तर एक पाकळी सरळ बाहेर वाकलेली.

मल्टिमीटर घेऊन बसू नका, कनेक्टर ५० चा की ७५ चा हे त्याला कळत नाही. डोळ्यांनी बघा, थोड्या दिवसांत पिन बघताक्षणी ओळखू येते, खरंच. पण शंका असेल तर लावू नका, कोणी कितीही घाई करो.

आणि ड्रॉवरमधले बेनाम अडॅप्टर मला अजिबात पटत नाहीत. ५० च्या मीटरवर ७५ चं मोजायचंय तर मिनिमम लॉस पॅड, म्हणजे ५० आणि ७५ जुळवून देणारा छोटा पॅड, घ्या, ५.७ डीबी जातात ते रीडिंगमध्ये मिळवा. फक्त पॅडची एक बाजू ५० आणि दुसरी ७५ असते, तेव्हा तोही लावताना आधी पिन बघा.