न्यूयॉर्कच्या कापडबाजारात पहिल्यांदा जाताना

न्यू जर्सीत किंवा न्यूयॉर्कमध्ये नव्याने बिऱ्हाड थाटलेल्या आणि घरी शिवण, भरतकाम किंवा हस्तकला करणाऱ्या मराठी मंडळींना पहिल्या काही महिन्यांतच एक अडचण जाणवते. अस्तर, हूक, बुकरम, रेशमाची लड अशा ज्या किरकोळ वस्तू आपण नाक्यावरच्या दुकानातून पाच मिनिटांत आणत होतो, त्या इथे कुठे मागायच्या आणि कोणत्या नावाने मागायच्या, हेच कळत नाही. पूर्वी अशा वेळी कापड आणि शिवणसामान विकणाऱ्या जवळच्या जोअ‍ॅनच्या दुकानात जा असे सांगता येत असे, परंतु त्या कंपनीने २०२५ मध्ये आपली सर्व दुकाने बंद केली आणि उपनगरात कापड हाताने चाचपून घेण्याची एक मोठी सोय संपली. म्हणून मी नव्याने आलेल्या प्रत्येकाला मॅनहॅटनमधल्या गार्मेंट डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे तिथल्या कापडबाजारात, एकदा तरी जाऊन या असे आग्रहाने सांगते. गेली बावीस वर्षे मी तिथे जात आहे, आणि तिथे कसे वागावे हे मला कोणी आधी सांगितले असते तर माझे बरेच पैसे आणि कापड वाचले असते.

हा भाग साधारणपणे ३४व्या ते ४२व्या रस्त्यापर्यंत आणि सहाव्या ते नवव्या अ‍ॅव्हेन्यूच्या दरम्यान पसरलेला आहे. एडिसनकडून लोकलने आलात तर पेन स्टेशनवर उतरून सातव्या अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूने बाहेर पडावे आणि उत्तरेकडे चालू लागावे. जर्सी सिटीहून पाथ गाडीने आलात तर ३३व्या रस्त्याचे स्थानक सोयीचे आहे. सातव्या अ‍ॅव्हेन्यूच्या पाट्यांवर इथे ‘फॅशन अ‍ॅव्हेन्यू’ असेही लिहिलेले दिसते. पत्ते वाचण्याची युक्ती एकदा समजली की चुकामूक होत नाही. ‘वेस्ट’ लिहिलेल्या पत्त्यात क्रमांक शंभरच्या घरात असेल तर ती इमारत सहाव्या आणि सातव्या अ‍ॅव्हेन्यूच्या मध्ये असते, दोनशेच्या घरात असेल तर सातव्या आणि आठव्याच्या मध्ये. मजल्यांच्या बाबतीत मात्र सावध राहावे, कारण इथला ‘सेकंड फ्लोअर’ म्हणजे आपला पहिला मजला. हे मुद्दाम सांगते, कारण या बाजारातील निम्मी चांगली दुकाने रस्त्यावर दिसतच नाहीत. ती वरच्या मजल्यांवर आहेत आणि तळमजल्यावरची नावांची यादी वाचून लिफ्टने वर जावे लागते. मूड फॅब्रिक्स आणि बी अँड जे फॅब्रिक्स ही दोन्ही नावाजलेली दुकाने अशीच वर आहेत.

३९व्या रस्त्याजवळ, सातव्या अ‍ॅव्हेन्यूवर, शिवणयंत्रावर वाकून काम करणाऱ्या एका कारागिराचा कांस्य पुतळा आहे. ज्युडिथ वेलर या शिल्पकर्तीने तो १९८४ मध्ये घडवला. त्याच्या डोक्यावर ज्यू लोक घालतात ती छोटी टोपी आहे. हा सगळा बाजार परदेशातून आलेल्या शिंप्यांनी आणि कामगारांनी उभा केला, आणि आजही तिथल्या अनेक दुकानांच्या गल्ल्यांवर दूरदेशाहून आलेली माणसेच बसलेली आढळतात. नवख्या माणसाला तिथे परके वाटण्याचे कारण नाही. मी पहिल्या खेपेला या पुतळ्यापाशी बरीच मिनिटे उभी होते. त्याचा हात ज्या रीतीने कापडावर टेकला आहे, तो कापड पुढे सरकवणाऱ्याचाच हात आहे.

आता मुख्य गोष्ट. या बाजारात वस्तू नावाने मागू नये. नमुना दाखवावा आणि तिचे काय करायचे आहे ते सांगावे. आपल्याला वाटते की आपण इंग्रजी शब्द वापरतो आहोत म्हणजे समोरच्याला कळेल, आणि तिथेच फसगत होते. माझ्या पहिल्या वर्षी भाचीच्या बाळासाठी दुपटी आणि झबली शिवायची होती. मलमलीला शब्दकोशात ‘मस्लिन’ म्हटले आहे, म्हणून मी मस्लिन मागितले. दुकानदाराने विचारले, किती, आणि मी तीन वार म्हणताच त्याने कात्री चालवली. हातात आले ते जाडसर, करड्या ठिपक्यांचे, खळ असलेले कोरे सुती कापड. अमेरिकेत कपडेवाले ज्याला मस्लिन म्हणतात ते मापाचा कच्चा नमुना शिवून पाहण्याचे कापड असते, आणि कच्च्या नमुन्यालाही ते मस्लिनच म्हणतात. तान्ह्या बाळाच्या अंगाला लावण्याजोगे ते नव्हते. कापलेले कापड परत घेत नसल्याने ते माझ्याकडेच राहिले. ‘बाळाचे झबले शिवायचे आहे, अगदी मऊ आणि पातळ सुती हवे’ एवढे सांगितले असते, तर त्याने ‘व्हॉइल’ किंवा ‘लॉन’ काढून दिले असते, कारण आपल्या मलमलीला सर्वांत जवळची कापडे तीच आहेत.

असे गैरसमज आणखी बरेच आहेत आणि प्रत्येकाची किंमत डॉलरमध्ये मोजावी लागते. आपण ज्याला रॉ सिल्क म्हणतो, ते खडबडीत गाठींचे चमकदार रेशीम इथे ‘दुपिओनी’ नावाने मिळते. ‘रॉ सिल्क’ म्हणून मागितल्यास बहुतेक वेळा रेशमाच्या आखूड तंतूंपासून विणलेले, चमक नसलेले, हाताला सुती भासणारे कापड पुढे येते. बुकरम मागितल्यास टोप्यांना घालतात ते पुठ्ठ्यासारखे कडक जाळीचे कापड मिळते. कॉलरीला किंवा ब्लाउजच्या गळ्याला इस्त्रीने चिकटवायचे कापड हवे असेल तर ‘फ्युझिबल इंटरफेसिंग’ असे म्हणावे. चेनला ‘झिपर’, टिचबटणाला ‘स्नॅप’ आणि हुकाला ‘हूक अँड आय’ म्हणतात. लेस या शब्दाने तर सर्वांत जास्त गोंधळ होतो. आपण जरीची किनार, गोट्याची पट्टी, मण्यांची झालर या सगळ्याला लेसच म्हणतो; इथे लेस म्हणजे केवळ जाळीदार नक्षीची, आणि बाकीचे सारे ‘ट्रिम’ किंवा ‘ट्रिमिंग’. ब्लाउजसाठी आपण वापरतो ते टू बाय टू कापड त्या नावाने इथे कोणालाच ठाऊक नाही, तेव्हा जुन्या ब्लाउजची चिंधी सोबत ठेवावी हेच उत्तम.

नमुना म्हणजे बोटभर चिंधी पुरत नाही. किमान तळहाताएवढा तुकडा असावा, म्हणजे दुकानदाराला पोत आणि वजन दोन्ही कळते. रंग जुळवायचा असेल तर दुकानातल्या दिव्याखाली निर्णय घेऊ नये. एकदा मोरपंखी साडीसाठी अस्तर घेताना आतल्या पिवळट उजेडात मला दोन्ही कापडे एकाच रंगाची वाटली होती. दुकानातल्या वयस्क गृहस्थांनी ठाण उचलून मला खिडकीशी नेले, अस्तराची कड साडीच्या पदराखाली सरकवली आणि काहीही न बोलता बाजूला उभे राहिले. उन्हात ते अस्तर स्पष्ट हिरवे होते. त्यानंतर कापणीआधी खिडकीशी किंवा दाराशी जाऊ द्या अशी विनंती मी नेहमी करते आणि आजवर कोणी नकार दिलेला नाही.

मापाच्या बाबतीत मराठी माणसाला एक गोष्ट सोपी जाते. इथे कापड यार्डाने विकतात, आणि यार्ड म्हणजेच आपला वार: नऊवारी आणि सहावारीतला, ३६ इंचांचा. आपली पिढी मीटरवर वाढली असल्यामुळे तेवढे भान मात्र ठेवावे लागते, कारण वार मीटरपेक्षा साधारण साडेआठ सेंटिमीटरने आखूड असतो. अडीच मीटरचा कुर्ता असेल तर पावणेतीन वार घ्यावे, आणि पाच मीटर हवे असतील तर साडेपाच वार. पन्हा न विचारता वार सांगणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. सुती छापील कापडाचा पन्हा बहुधा ४४-४५ इंच असतो, तर लोकर, लिनन आणि पुष्कळशा कृत्रिम धाग्यांच्या कापडांचा ५८ ते ६० इंच, त्यामुळे एकाच कपड्याला लागणाऱ्या कापडात बराच फरक पडतो. काही दुकाने अर्ध्या वारापेक्षा कमी कापत नाहीत, काही एका वारापेक्षा. मात्र नमुन्याचा छोटा तुकडा, ज्याला ‘स्वॉच’ म्हणतात, तो बहुतेक ठिकाणी मागितल्यास देतात. भारी कापड घ्यायचे असेल तर पहिल्या दिवशी फक्त स्वॉच घरी आणावेत, असे माझे मत आहे. घरी त्यातले दोन धागे काढून चिमट्यात धरून, पाण्याची वाटी जवळ ठेवून, जाळून पाहता येतात: सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते, रेशमाला आणि लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

तागा कशाचा आहे हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. १९५८च्या अमेरिकी कायद्यानुसार कापडात कोणता धागा किती टक्के आहे हे विक्रेत्याने सांगणे बंधनकारक आहे, आणि ताग्याच्या टोकाला असलेल्या चिठ्ठीवर ते लिहिलेले असते. धुण्याच्या सूचनाही तिथेच सापडतात. तुकड्यांच्या टोपलीतील कापडावर मात्र धागा अज्ञात असल्याचे लिहून ते विकता येते, म्हणून तिथून घेतलेले कापड धुण्याच्या रोजच्या कपड्यांना वापरू नये.

कराविषयीही नीट माहिती हवी. न्यूयॉर्क शहरात विक्रीकर ८.८७५ टक्के आहे, परंतु ११० डॉलरपेक्षा कमी किमतीचे कपडे आणि असे कपडे शिवण्यासाठी किंवा दुरुस्त करण्यासाठी लागणारे कापड, धागा, बटणे, झिपर यांवर तो लागत नाही. कात्री, मोजपट्टी, कागदी पॅटर्न यांवर लागतो, आणि पडदे किंवा उशांचे अभ्रे यांच्या कापडावरही लागतो. त्यामुळे पैसे देतानाही कापडाचा उपयोग सांगावा, आणि पावतीवर एक नजर टाकावी.

जाण्याचा दिवस विचारपूर्वक निवडावा. पुष्कळ दुकाने रविवारी बंद असतात, आणि ज्यू मालकांची काही दुकाने शुक्रवारी लवकर बंद होऊन शनिवारीही उघडत नाहीत. म्हणून शक्य असल्यास एखादी रजा काढून सोमवार ते गुरुवारच्या दरम्यान सकाळी अकराच्या सुमारास जावे. काही दारांवर ‘होलसेल ओन्ली’ किंवा ‘टू द ट्रेड’ अशी पाटी असते. तिथे किरकोळ गिऱ्हाइकाला प्रवेश नसतो, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. भावाच्या घासाघिशीचे म्हणाल तर ज्या दुकानात प्रत्येक ताग्यावर छापील किंमत आहे तिथे ती करू नये. छोट्या दुकानांत, विशेषतः ताग्याचे शेवटचे चार-पाच वार सगळेच घेत असाल किंवा रोख देत असाल, तर काही कमी होईल का असे एकदा सभ्यपणे विचारावे आणि मिळालेले उत्तर मान्य करावे.

बटणे, झिपर, फिती आणि धाग्याचे कोन यांची दुकाने ३८व्या रस्त्याच्या आसपास आहेत. तिथले पॅसिफिक ट्रिमिंग मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण हव्या त्या लांबीचे झिपर तिथे कापून आणि टोकाशी अडकवण बसवून देतात. मणी, टिकल्या आणि दागिन्यांच्या सामानासाठी सहाव्या अ‍ॅव्हेन्यूकडे वळावे. शिवणयंत्राच्या सुयांची चिंता नको: पाकिटावर ९०/१४ असे दोन आकडे असतात आणि त्यांतला दुसरा आकडा म्हणजेच आपला नेहमीचा चौदा नंबर. शिवणयंत्र मात्र भारतातून आणू नये, कारण इथली वीज १२० व्होल्टची आहे आणि आपल्या मोटारी २३० व्होल्टच्या. साडीचा फॉल या बाजारात शोधण्यात वेळ घालवू नये; त्यासाठी न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवरील साडीची दुकानेच बरी, किंवा गावाहून येणाऱ्या कोणाबरोबर डझनभर फॉल मागवून ठेवावेत. खणासाठीही हाच सल्ला.

घरी आणलेले सुती कापड कापण्यापूर्वी जसे पुढे धुणार आहात तसेच एकदा धुऊन वाळवावे. इथे बहुतेक घरांत कपडे गरम हवेच्या यंत्रात वाळवतात आणि त्यात सुती कापड दोरीवर वाळवलेल्यापेक्षा अधिक आटते, म्हणून खरेदीतच पाव वार जास्त धरावे. धुण्यापूर्वी कडेचा दोन बोटे रुंद तुकडा कापून वहीत टाचावा आणि शेजारी दुकानाचे नाव, रस्ता, ताग्यावरील क्रमांक, पन्हा आणि दर लिहावा. माझ्या अशा तीन वह्या भरल्या आहेत. कापड कमी पडले की मी ती वहीच गल्ल्यावर उघडते, आणि दुकानदार तुकड्यावरून अंगठा फिरवून थेट त्या ताग्याकडे चालू लागतो.