शेतकरी कंपनीच्या वेबसाइटसाठी व्हीपीएस कसा निवडायचा?

वरुड-मोर्शीकडच्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला संत्र्याची नोंदणी ऑनलाइन घ्यायची आहे आणि शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) आता पुरत नाही, असं धरू. व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरचा एक स्वतंत्र भाग भाड्याने, घेताना दर विचारण्याआधी हे विचारा: हा केव्हीएम आहे की ओपनव्हीझेड? एका मशीनचे असे भाग पाडायच्या या दोन पद्धती.

ओपनव्हीझेडमध्ये एका मशीनवरचे सगळे ग्राहक एकच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) वापरतात, म्हणून तो स्वस्त पडतो. पण तुम्हाला कर्नल बदलता येत नाही, त्यात मॉड्यूल (जादा सोयीचा भाग) टाकता येत नाही, स्वॅपही (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) सहसा स्वतः बनवता येत नाही. ओपनव्हीझेडच्या जुन्या २.६.३२ कर्नलवर तर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवायचं साधन) नीट चालतच नाही. केव्हीएममध्ये कर्नल तुमचा स्वतःचा असतो. चार स्थिर पानांसाठी ओपनव्हीझेड पुरेल. ऑर्डर आणि पैशांचा व्यवहार असेल तर केव्हीएमच घ्या.

खरी अडचण रॅमची. साइटसाठी वर्डप्रेस, त्यावरच्या दुकानासाठी वूकॉमर्स आणि डेटाबेससाठी मायएसक्यूएल १ जीबीत बसवले, की ऐन गर्दीत रॅम संपते. मग लिनक्सचा (सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा) ओओएम किलर जास्त रॅम खाणारी प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, मारतो, आणि ती बहुतेकदा मायएसक्यूएलच असते. साइटवर डेटाबेस जोडला जात नसल्याचा संदेश दिसतो. सर्व्हर रीस्टार्ट केला तर तेवढ्यापुरतं भागतं, पुढच्या गर्दीत पुन्हा तेच. त्यापेक्षा २ जीबी घ्या आणि हिशेब मांडा: सिस्टिमला ३०० एमबी, मायएसक्यूएलला ५००, म्हणजे उरले साधारण १२००. पान तयार करणारी एक पीएचपी प्रोसेस ८० एमबी धरली तर त्या चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएममध्ये एकावेळच्या प्रोसेसची कमाल मर्यादा १५ ठेवा. शिवाय १ जीबी स्वॅप असू द्या.

सीपीयू शेअर्ड, म्हणजे इतरांबरोबर वाटून घेतलेला, असला तरी चालतो. मात्र ‘टॉप’ कमांडमधला ‘स्टील’चा (सीपीयूसाठी ताटकळलेल्या वेळेचा) आकडा सतत १० टक्क्यांच्या वर राहिला, तर त्या मशीनवर ग्राहक जास्त झालेत असं समजा आणि दुसऱ्या मशीनवर हलवायला सांगा.

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे साइटवर गर्दीही तेव्हाच. तेवढ्यापुरता प्लॅन वाढवताना फक्त रॅम आणि सीपीयू वाढवा. डिस्क एकदा वाढवली की ती सहसा कमी करता येत नाही, मग हंगाम संपला तरी मोठ्या प्लॅनचेच पैसे भरत राहावे लागतात.

सर्व्हर मुंबई किंवा बंगळुरूचा निवडा. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन एका फेरीलाच २०० मिलीसेकंदांहून जास्त लागतात आणि एचटीटीपीएसमध्ये (सुरक्षित जोडणीत) पान उघडण्याआधीच अशा दोन-तीन फेऱ्या होतात. गावातल्या कमजोर नेटवर्कवर हा उशीर फार जाणवतो.

अनमॅनेज्ड प्लॅनमध्ये होस्टिंग कंपनी फक्त मशीन आणि नेटवर्क सांभाळते. अपडेट, फायरवॉल, बॅकअप तुमच्याकडे. लिनक्स जाणणारं कुणी नसेल तर मॅनेज्डचे जादा पैसे द्या. स्नॅपशॉट (सर्व्हरची जशीच्या तशी प्रत) त्याच होस्टिंग कंपनीकडे राहतो, म्हणून डेटाबेसची एक प्रत रोज दुसरीकडे पाठवा आणि ती परत चढते का, हे महिन्यातून एकदा तपासा.

सर्व्हरवर काम करताना आधी टीमक्स (सर्व्हरवरचं काम जोडणी तुटली तरी चालू ठेवणारा प्रोग्राम) सुरू करा. अपग्रेड चालू असताना लाइट गेली आणि एसएसएच (सर्व्हरशी दुरून असलेली जोडणी) तुटलं, तरी काम तिकडे चालू राहतं.