सड्यावर डिझर्टेशन करायचं ठरवलंय?

एमएस्सी बॉटनीला मी डिझर्टेशनसाठी जांभ्याचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, निवडला तेव्हा आई म्हणाली, "तिथे आहे काय? कातळ नि वाळलेलं गवत." मे महिन्यात गेलो तर तिचंच खरं वाटलं. तापलेल्या दगडावर पाय ठरत नव्हता. तरी माझं सांगणं हेच, की पहिली फेरी मेमध्येच मारा. ऑगस्टमधला हिरवा सडा आधी पाहिलात तर तिथलं झाड काय काय सोसतं ते कळतच नाही.

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरात. म्हणजे पाण्याचा तुटवडा नाही, असं मलाही वाटायचं. पण सड्याचं दारिद्र्य ह्याच पावसाची करणी आहे. त्याने लाखो वर्षं खडकातली सिलिका, कॅल्शियम, पोटॅशियम धुऊन नेलं आणि मागे ठेवली लोखंडाची नि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. उरलासुरला फॉस्फरसही लोखंडाला चिकटून बसतो, मुळांच्या हाती लागत नाही. त्यात मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तेवढाही नाही. तेच झाड जुलैत पाण्यात बुडतं आणि डिसेंबरात तहानेने मरतं. सत्तरी तालुक्याच्या रानातही पाऊस धो धो पडतो, पण तिथे तो साठवायला माती आहे.

आता माझी चूक. पहिल्या पावसाळ्यात मी पाच बाय पाच मीटरचे प्लॉट आखले, पुस्तकात जंगलासाठी दिलेत तसे. एकाच प्लॉटमध्ये उघडा कातळ, डबकं, भेग असं सगळं आलं आणि आकडेवारीचा काला झाला. अख्खा हंगाम वाया. पुढच्या वर्षी अर्ध्या मीटरची चौकट घेतली आणि मातीची खोली मोजायला स्वेटर विणायची सुई. (गोव्यात ती शोधायलाच दोन दिवस गेले.) चौकटीत पाच ठिकाणी सुई टोचायची नि सरासरी लिहायची, बस्स.

त्या सुईनेच सडा उलगडला. जिथे ती आत जातच नाही तिथे नुसते दगडफूल आणि सायनोबॅक्टेरियाचा (सूर्यप्रकाशावर अन्न बनवणाऱ्या जिवाणूंचा) काळा थर. दोन-तीन सेंटिमीटर माती आणि वरून सतत झिरपणारं पाणी असेल तिथे गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू ही चिमुकली रोपं. शेवटची दोन कीटकभक्षी. मातीत नायट्रोजन नाही, मग तो किड्यांतून घ्यायचा. सीतेच्या आसवांची निळी फुलं सगळेच बघतात, पण सापळे खाली चिखलात असतात, टाचणीच्या डोक्याएवढे. चिमूटभर चिखल घरी आणून सूक्ष्मदर्शकाखाली बघाच. माती आणखी जाड झाली की गवतं माजतात आणि ह्या चिमुकल्यांना जागाच उरत नाही. भेगांत मुळं खोल जातात, म्हणून करवंद नि अंजनी तिथेच तग धरतात.

फेरी दर आठवड्याला हवी. चवथीच्या सुमारास फुललेला तुकडा ऑक्टोबरात ओळखू येत नाही. वर्षायू झाडं बी टाकून मोकळी होतात, कंदवाली जमिनीत गुडूप. गेंदाच्या जाती नुसत्या डोळ्यांनी सांगायला जाऊ नका, बिया लागतात, म्हणून पिकलेली डोकी अल्कोहोलमध्ये ठेवा. शेवाळलेल्या कातळावर माझा पाय दोनदा मुरगळला आहे. गडगडाट ऐकू आला की खाली उतरा, सड्यावर सगळ्यांत उंच वस्तू तुम्हीच असता. जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेची, असेल तर परवानगी आधी काढा.

आणि माटोळीचं, म्हणजे चवथीला गणपतीवर बांधतात त्या रानफळा-फुलांच्या मांडवीचं, सामान गोळा करणाऱ्या गावातल्या एखाद्याशी ओळख ठेवा. माटोळीत लागणाऱ्या घागऱ्या (खुळखुळणाऱ्या शेंगांचं झाड) कुठे मिळतील म्हणून मी एका काकांना विचारलं. ते म्हणाले, "कडेला बघ, जिथे माती येऊन बसते तिथे." गेलो, सुई खुपसली. चौदा सेंटिमीटर.